जुन्या फोटोंतील गाव आणि माणसे ओळखण्याची पद्धत: वाईच्या घाटांवरून

वाईच्या गणपती घाटाचा जुना फोटो हातात आला, की पाहणारा आधी ढोल्या गणपतीचे देऊळ ओळखतो, मग नदी ओळखतो, आणि पायऱ्यांवरच्या माणसांकडे सर्वांत शेवटी वळतो. देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले, हे छापील ग्रंथांत वाचायला मिळते. पण त्याच फोटोत धुण्याचा पिळा खांद्यावर टाकून वर चढणारी बाई कोण, तिच्या मागे पाठीवर मशक (पाण्याची कातडी पिशवी) घेऊन उभा असलेला माणूस कोणत्या आळीत राहत होता, हे कोठेही लिहिलेले नाही. ते सांगू शकतील अशी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही चार-पाच जण काही वर्षे वाई आणि आसपासच्या गावांतील असे फोटो गोळा करून, ते लोकांना दाखवून, त्यांतील जागा, काळ आणि माणसे निश्चित करण्याचे काम करीत आहोत. दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या गावात हे काम कोणाला सुरू करायचे असेल, तर आमच्या हातून झालेल्या चुका त्यांच्याकडून होऊ नयेत, म्हणून ही पद्धत क्रमाने लिहीत आहे.

फोटो मिळवताना

लोकांकडे फोटो मागितले, की ते मोठ्या आपुलकीने अल्बममधून निवडक फोटो काढून पाकिटात घालून देतात. असे होऊ देऊ नये. अल्बममधील क्रम हा स्वतःच एक पुरावा असतो. शेजारच्या पानावर लग्नाचा फोटो असेल आणि त्यावर तारीख असेल, तर घाटावरच्या बिनतारखेच्या फोटोचा काळ त्यावरून जवळ आणता येतो. म्हणून अल्बम आहे तसा मागावा, प्रत्येक पानाचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवावा, आणि त्यानंतरच सुटे फोटो हाताळावेत. फोटो काळ्या पानावर डिंकाने चिकटवलेले असतील, किंवा १९८० नंतर घरोघरी आलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील, तर ते ओढून काढू नयेत. पानासकट स्कॅन करावे.

भिंतीवरच्या चौकटींची गोष्ट थोडी निराळी आहे. चौकट करणारे कारागीर फोटोच्या मागे रद्दीचा कागद भरत असत, आणि त्या कागदावर वर्तमानपत्राची तारीख सापडते. तिच्यावरून चौकट त्या तारखेनंतर केली गेली, एवढेच सिद्ध होते. फोटो त्याच्या बराच आधीचा असू शकतो. दमट हवेने फोटो काचेला चिकटलेला असेल, तर तो सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण चित्राचा थरच काचेवर राहतो. अशा वेळी काचेवरूनच स्कॅन घ्यावा.

प्रत्येक फोटोला आल्याबरोबर क्रमांक द्यावा. आमची पद्धत अशी, की आधी गावाचे अक्षर, मग घराचा क्रमांक, मग फोटोचा: वा-०४७-०३. हा क्रमांक मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावा. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते आणि शाई वर्षानुवर्षे पसरत राहते. स्कॅन लहान फोटोसाठी किमान ६०० डीपीआयवर आणि निगेटिव्ह असल्यास २४०० किंवा त्याहून अधिक डीपीआयवर करावा, मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, आणि मागची बाजू कोरी दिसत असली तरी तीही स्कॅन करावी. पुसट पेन्सिलीचे अक्षर डोळ्यांना दिसत नाही. स्कॅनमध्ये छायाभेद वाढवला, की ते पुष्कळदा वाचता येते.

लोकांना विचारण्याआधी फोटोला विचारावे

ओळख पटवण्याचे काम माणसांपासून सुरू केले, तर पहिला जो बोलतो त्याचेच म्हणणे सर्वांच्या मनात ठसते. म्हणून फोटो स्वतः काय सांगतो, ते आधी स्वतंत्र कागदावर लिहून काढावे. यातील मुख्य सूत्र दोन हद्दींचे आहे: हा फोटो अमुक सालाच्या आधीचा असूच शकत नाही, ही एक हद्द, आणि अमुक सालानंतरचा असू शकत नाही, ही दुसरी. दोन्ही हद्दी जेवढ्या जवळ येतील तेवढा काळ पक्का होतो.

सर्वांत आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पाहावे. निगेटिव्ह पालथी पडली, तर डावे-उजवे बदलते आणि मग घाटाची सगळी ओळखच चुकते. पाटीवरचे अक्षर वाचता आले तर प्रश्न नाही. पाटी नसेल, तर बायकांचा पदर डाव्या खांद्यावर आहे का, नथ डाव्या नाकपुडीत आहे का, मनगटी घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात आहे का, हे तपासावे. एकच खूण पुरेशी मानू नये. तीनही एकाच बाजूला बोट दाखवत असतील, तर खात्री धरावी.

मग मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का किंवा उठावाची मोहोर असेल, तर तिच्यातील पत्ता बारकाईने वाचावा. सातारा जिल्हा १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असा विभागला गेला, आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. म्हणून शिक्क्यावर ‘जि. उत्तर सातारा’ असे असेल, तर तो शिक्का त्या अकरा वर्षांतला आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे सहा आकडी पिन असलेला शिक्का त्यानंतरचाच. मागे मोडीत काही लिहिले असेल, तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराला ते दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका घरातील ‘गिचमिड’ म्हणून दाखवलेल्या ओळीत आम्हांला फोटोतील सातही जणांची नावे मिळाली. शकाचे साल असेल, तर त्यात ७८ मिळवावेत, आणि महिना जानेवारी ते फाल्गुन अखेर यांतला असेल तर ७९. शके १८६० म्हणजे १९३८ च्या पाडव्यापासून १९३९ च्या पाडव्यापर्यंतचा काळ.

शाळेच्या गटफोटोंत पुढे पाटी ठेवण्याची पद्धत होती आणि तिच्यावर इयत्ता लिहिलेली असे. शालान्त परीक्षा अकरावीला होती तो काळ आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली त्यानंतरचा काळ, यांची सीमा पक्की आहे. शिवाय अशा फोटोसाठी शाळेचे जनरल रजिस्टर हे मोठे साधन आहे. मुख्याध्यापकांची रीतसर लेखी परवानगी घेऊन त्या वर्षाच्या वर्गाची नावे मिळवली, तर ‘डावीकडून तिसरा कोण’ या प्रश्नाची संभाव्य उत्तरे चाळीसवर येतात, आणि चाळीस नावे वाचून दाखवल्यावर वृद्ध माणसाला जे आठवते ते नुसत्या चेहऱ्यावरून आठवत नाही.

रस्त्यावरच्या फोटोंत पाट्या, दर, वाहने आणि भिंती बोलतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, आणि ‘नये पैसे’ हा शब्द १ जून १९६४ पासून नुसता ‘पैसे’ झाला. म्हणजे हॉटेलच्या फळीवर ‘नये पैसे’ असतील, तर सात वर्षांची चौकट आपोआप मिळते. दर आण्यात असेल, तर फोटो बहुधा १९५७ च्या आधीचा, पण इथे ‘बहुधा’ म्हणणेच योग्य, कारण लोक पुढे कित्येक वर्षे आण्यातच बोलत आणि जुन्या पाट्या कोणी लगेच पुसत नसे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्याआधीच्या फोटोंत दिसते ती खासगी सर्व्हिस मोटार. वाहनावर ‘एमएच-११’ अशी जिल्ह्याचा आकडा असलेली क्रमांकपट्टी असेल, तर फोटो जुलै १९८९ नंतरचा. तीन अक्षरे आणि पुढे नुसता क्रमांक असेल, तर वाहनाची नोंदणी त्याआधीची, मात्र फोटो नंतरचाही असू शकतो. रेल्वे असलेल्या गावांत डब्यावरची अक्षरे पाहावीत, कारण ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ही अक्षरे १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाल्यावर हळूहळू पुसली गेली, आणि बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये घेतली. निवडणुकीच्या भिंतींवर बैलजोडी असेल, तर ती काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीपूर्वी रंगवलेली. गाय-वासरू १९७१ आणि १९७७ च्या निवडणुकांचे. हाताचा पंजा त्यानंतरचा. रंगवलेली भिंत मात्र पुढे दहा वर्षेही तशीच राहते, म्हणून भिंतीवरून फक्त आधीची हद्द ठरवावी, नंतरची कधीही ठरवू नये.

फोटोचा कागद आणि आकार यांवरूनही अंदाज येतो, पण तो ढोबळ असतो. करवतीसारखी कातरलेली कड चाळीस ते साठच्या दशकांत लोकप्रिय होती. चौरस, लहान, पांढऱ्या कडेचे फोटो पुष्कळदा अ‍ॅग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याचे असतात, ज्यात १२० फिल्मवर बारा फोटो निघत. रंगीत फोटो लहान गावांत सत्तरीच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीत सर्रास दिसू लागले; त्याआधीचा रंग बहुधा हाताने भरलेला असतो. जुन्या निगेटिव्हवरून नंतर नवी प्रत काढण्याची पद्धत सर्वत्र होती, त्यामुळे कागदाचे वय आणि प्रसंगाचे वय एकच धरू नये.

या सर्व खुणांचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे मिरवणुकीचा एक फोटो आला. घरच्या वडीलधाऱ्यांनी तो ‘बेचाळीसची मिरवणूक’ म्हणून दिला, आणि आम्ही तसेच लिहून टाकले. सातारा जिल्ह्यात १९४२ आणि त्यानंतरच्या प्रतिसरकारची आठवण इतकी जिवंत आहे, की टोपी घातलेली माणसे आणि झेंडा दिसला, की प्रत्येक मिरवणूक बेचाळीसची होते. पुढे वर्षभराने एका बाईंनी मोठ्या छापील प्रतीवर बोट ठेवून विचारले, “ही हॉटेलची पाटी वाचलीत का तुम्ही?” पाटीवर चहाचा दर ‘नये पैसे’ असा होता. मग मूळ प्रत पुन्हा मोठ्या क्षमतेने स्कॅन केली, तेव्हा एका फलकाचा शेवट ‘महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असा वाचता आला. फोटो एप्रिल १९५७ आणि मे १९६० यांच्या मधला होता, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. त्या वडीलधाऱ्यांनी खोटे सांगितले नव्हते. ते दोन्ही मिरवणुकांत होते, आणि साठ वर्षांत दोन आठवणी एक झाल्या होत्या. चूक आमची होती, कारण फोटो वाचण्याआधी आम्ही सांगणे लिहून घेतले आणि ते निश्चित मानले.

जागा निश्चित करणे

माणसांपेक्षा जागा ओळखणे सोपे असते, म्हणून आधी जागा पक्की करावी. जागा ठरली, की कोणाला विचारायचे तेही ठरते. गावातील इमारती बदलतात, झाडे पडतात, रस्ता रुंद होतो, पण मागची डोंगररेषा बदलत नाही. वाईच्या बाबतीत पांडवगड वायव्येला सुमारे सहा किलोमीटरवर आहे आणि वैराटगड आग्नेयेला. फोटोत क्षितिजावर यांपैकी काय दिसते, यावरून कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ते कळते. फोटोची छापील प्रत हातात घेऊन प्रत्यक्ष घाटावर जावे, डोंगराचे शिखर आणि देवळाचे शिखर यांचे परस्परांपासूनचे अंतर फोटोत दिसते तसे जुळेपर्यंत पुढे-मागे सरकावे, आणि ज्या ठिकाणी दोन्ही जुळतात तेथे उभे राहून आजचा फोटो काढावा. छायाचित्रकार कोणाच्या ओट्यावर किंवा कोणत्या गच्चीत उभा होता ते असे समजते, आणि त्या घरातील माणसे बऱ्याचदा फोटोविषयी सर्वांत जास्त सांगतात.

दिशा कळली, की सावल्यांवरून सकाळ की दुपार ते ठरते. नदीचे पाणी, पायऱ्यांवरचा गाळ, डोक्यावरची इरली, उघडी कोरडी वाळू यांवरून ऋतू ठरतो. पण धोम धरण झाल्यानंतर नदीचे पाणी पूर्वीसारखे नैसर्गिक चढ-उताराने चालत नाही, हे लक्षात ठेवून आधीच्या आणि नंतरच्या फोटोंना एकच नियम लावू नये. घरांसाठी नगरपालिकेची घरपट्टी आकारणीची जुनी रजिस्टरे आणि सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिका उपयोगी पडतात.

येथे वाई आणि मेणवलीपुरता एक खास इशारा द्यावासा वाटतो. या घाटांवर अनेक हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे झाली आहेत, आणि चित्रीकरणासाठी घाटावर परप्रांतातील गावाच्या हिंदी पाट्या, खोटी दुकाने आणि तात्पुरत्या भिंती उभ्या केल्या गेल्या. असा एखादा फोटो कृष्णधवल करून पुढे पाठवला गेला, तर तो सहज ‘जुनी वाई’ म्हणून फिरतो. पाटी अनोळखी वाटली, तर आधी ही शक्यता तपासावी.

लोकांना विचारताना

या कामाचा गाभा इथे आहे, आणि सर्वांत जास्त वेळही इथेच द्यावा लागतो.

फोटोची ए-३ आकाराची प्रत काढावी. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक माणसाच्या डोक्याभोवती बाह्यरेषा काढून क्रमांक द्यावेत. मागच्या रांगेतील अर्धे डोके, दारात उभी असलेली बाई, कडेला कापला गेलेला हमाल, यांनाही क्रमांक द्यावा, कारण ज्याला क्रमांक दिला नाही त्याच्याविषयी कोणी विचारतच नाही. मग ही प्रत एकेका व्यक्तीला स्वतंत्रपणे, शक्यतो तिच्या घरी, दिवसाच्या उजेडात दाखवावी. चौघांना एकत्र बसवून पहिल्यांदा दाखवली, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव लागते, आणि सून-लेकींना जे ठाऊक असते ते त्या बोलतच नाहीत.

प्रश्न मोकळा असावा. “हे तुमचे आबा ना?” असे विचारू नये. “आजी, या फोटोत तुम्हांला काय काय दिसतंय?” एवढेच विचारून गप्प बसावे. पहिली पाच मिनिटे बहुतेक आजी माणसांविषयी बोलत नाहीत. त्या एखाद्या भांड्याविषयी, झाडाविषयी किंवा पायरीच्या तुटक्या दगडाविषयी बोलतात. ते सर्व लिहून घ्यावे. त्या दगडावर कोण बसत असे, याची आठवण त्याच वाटेने येते. साल विचारू नये, कारण साल विचारले की माणूस अंदाज करतो. त्याऐवजी गावाच्या आठवणीतील खुंट्या वापराव्यात: हे कोयनेच्या भूकंपाच्या आधीचे की नंतरचे? म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या अलीकडचे की पलीकडचे, ते कळते. बहात्तरच्या दुष्काळात हे झाड होते का? तुमचे लग्न झाले तेव्हा घाटावर विजेचा खांब होता का? थोरला मुलगा तेव्हा चालत होता की कडेवर होता? मुलाचे वय हे तर बायकांच्या आठवणीतील सर्वांत अचूक घड्याळ आहे, असा माझा अनुभव आहे.

नाव मिळाले, की ते ‘नाना’ किंवा ‘अक्का’ एवढ्यावर सोडू नये. प्रत्येक आळीत पाच नाना असतात. प्रचलित नाव, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आळी, व्यवसाय आणि फोटोतील अंदाजे वय, अशा रकान्यांत नोंद करावी. बायकांच्या बाबतीत आणखी दोन रकाने लागतात, कारण लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलले जाई. शाळेच्या फोटोतील मुलगी आणि दहा वर्षांनंतरच्या हळदीकुंकवाच्या फोटोतील सून एकच आहे, हे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहिल्याशिवाय कधीच उघड होत नाही. जुन्या चिठ्ठ्यांत ‘सौ.’ आणि नवऱ्याचे नाव एवढेच असते; तेवढ्यावर समाधान मानू नये, बाईचे स्वतःचे नाव मिळेपर्यंत विचारत राहावे.

ज्याच्याकडे अल्बम होता त्याच्याच घरात विचारणे, ही या कामातील सर्वांत मोठी उणीव ठरते. कॅमेरा आणि स्टुडिओचे पैसे ज्यांना परवडत होते त्यांच्या घरी फोटो राहिले, पण फोटोत माणसे सगळ्या गावाची आहेत. वाड्याच्या अंगणातील गटफोटोत कडेला उभा असलेला गडी, पाणी भरणारी बाई, घोडा धरलेला माणूस, वाजंत्री, यांची नावे वाड्यात मिळत नाहीत. ती त्यांच्या वस्तीत मिळतात. तेथे आपण स्वतः फोटो घेऊन जावे, लोकांना वाचनालयात बोलावून घेऊ नये. जुन्या मथळ्यांत अशा माणसांचा उल्लेख ‘एक नोकर’ असा, किंवा एकेरी, तोडलेल्या नावाने केलेला असतो. घरच्यांकडून त्यांचे पूर्ण नाव घेऊन ते सन्मानाने मुख्य नोंदीत लिहावे, आणि जुना मथळा वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा, कारण तोही त्या काळाचा दस्तऐवज आहे. आम्ही हे उशिरा सुरू केले, आणि त्या उशिरामुळे काही नावे कायमची गेली, याचे मला अतिशय वाईट वाटते.

गावची माणसे गावातच असतात असेही नाही. सातारा जिल्ह्यातील पुष्कळ घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, आणि १९८२ च्या संपानंतर काही परत आले, काही तिकडेच राहिले. यात्रेला, गणपतीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी आणि माहेरवाशिणी गावी येतात. प्रदर्शन त्याच दिवसांत लावावे. वाईत कृष्णामाईचा उत्सव वेगवेगळ्या घाटांवर वेगवेगळ्या दिवशी होतो, त्यामुळे ज्या घाटाचे फोटो त्याच घाटावर, त्याच्याच उत्सवात लावण्याची सोय आहे. प्रत्येक फोटोखाली क्रमांकांचा तक्ता लावावा, दोरीला पेन्सिल बांधावी, आणि शेजारी एक कार्यकर्ता सतत बसवावा, कारण लोक लिहितात थोडे आणि बोलतात फार.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा असेल, तर त्याचा क्रमांक चित्राच्या पांढऱ्या समासातच छापून पाठवावा. पुढे-पुढे जाताना सोबतचा मजकूर गळतो, फक्त चित्र उरते, आणि तीन महिन्यांनी नागपूरहून कोणीतरी बरोबर नाव कळवते तेव्हा ते कोणत्या फोटोचे हे कळायला दुसरा मार्ग राहत नाही.

नोंदीची विश्वासार्हता

प्रत्येक ओळखीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: निश्चित, बहुधा, तर्क. परस्परांशी न बोललेल्या दोन व्यक्तींनी तेच नाव सांगितले, किंवा एका व्यक्तीच्या सांगण्याला लेखी पुरावा मिळाला, तरच ‘निश्चित’ लिहावे. सख्खा मुलगा किंवा मुलगी असेल तर एकच साक्ष पुरे, असे आम्ही आधी मानत होतो. पण वडिलांचा आणि चुलत्यांचा तरुणपणीचा चेहरा मुलांनीच उलटसुलट सांगितल्याचे दोनदा दिसल्यावर तो अपवाद काढून टाकला. सांगणाऱ्याचे नाव, सांगितल्याची तारीख आणि ते त्याला कसे ठाऊक, हे प्रत्येक वेळी लिहावे. दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर दोन्ही लिहून ठेवावीत, आपण न्यायाधीश होऊ नये. आधीची चुकीची नोंदही खोडून टाकू नये, तिच्यावर एक रेघ मारून पुढे नवी लिहावी.

नाजूक फोटो

जुन्या घरांत अंत्यदर्शनाचे फोटो हमखास सापडतात. केशवपन केलेल्या विधवांचे, बालविवाहांचे फोटोही सापडतात. हे फोटो स्कॅन करून जपावेत, पण कुटुंबाची लेखी संमती असल्याशिवाय प्रदर्शनात लावू नयेत. हयात व्यक्तींच्या बाबतीत, विशेषतः बायका आणि तेव्हाची लहान मुले यांच्या बाबतीत, त्यांना स्वतःला विचारावे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तीत अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि त्यांतले सामान गेले. अशा घरात “जुने फोटो का नाहीत” हा प्रश्न सहजपणे विचारू नये. सांगावेसे वाटले तर ती माणसे स्वतःच सांगतात, आणि तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे.

फोटो स्टुडिओने काढलेला असेल, तर छायाचित्रकाराचा हक्कही विचारात घ्यावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे असे संरक्षण आहे. छापील पुस्तक काढायचे ठरवल्यास स्टुडिओच्या वारसांना भेटावे. त्यांच्या माळ्यावर काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या असण्याची शक्यता असते, आणि त्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांत तारखा व गिऱ्हाइकांची नावे असतात.

मूळ फोटो परत करणे

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो ठरल्या दिवशी परत करावा. एकाच्या घरी फोटो वेळेवर परत गेला, की शेजारच्या तीन घरांतले अल्बम बाहेर येतात. परत करताना सोबत फोटोची एक चांगली छापील प्रत आणि आजवर मिळालेल्या नावांचा तक्ता द्यावा, आणि फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून आणि ओलीपासून दूर, कपाटाच्या मधल्या खणात ठेवायला सांगावे. सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, हे प्रत्येक घरात पुन्हा सांगावे लागते.

तक्त्यातील रिकामे क्रमांक रिकामेच छापून द्यावेत. गणपती घाटाच्या त्या फोटोत आम्ही चौदा डोक्यांना क्रमांक दिले होते. धुण्याचा पिळा घेतलेली बाई तिच्या नातीने ओळखली, तिच्या धाकट्या जावेने वेगळ्या दिवशी तेच नाव सांगितले, आणि तिच्यापुढे ‘निश्चित’ लागले. मशकवाला क्रमांक ११ आहे. त्याच्यापुढे सध्या ‘तर्क’ म्हणून एक नाव आहे, सांगणाऱ्याचे नाव आहे, आणि त्या कुटुंबातले कोणीतरी कोरेगावकडे राहायला गेल्याची एक ओळ आहे. येत्या उत्सवात तो फोटो पुन्हा त्याच घाटावर लावणार आहोत, आणि त्याच्या आधी कोरेगावला जाऊन येणार आहोत.